ज्याचं गाणं, त्याच्या तोंडानं

आमच्या उंब्रजमध्ये बॅण्डतात्यांइतका भित्रा माणूस दुसरा नव्हता, आणि हे ते स्वतःच येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. पुण्याहून कोल्हापूरला जाणारी सडक आमच्या गावातून जाते. तिच्यावर एखाद्या लॉरीचं टायर फुटलं की तात्या असतील तिथं जमिनीला छाती लावून पालथे पडत. मग उठून, धोतर झटकून, बघणाऱ्याकडं न बघता म्हणत, "लय भ्या वाटतं गड्या मला." त्यात लाज नसायची. माझा गुडघा दुखतो म्हणावं, तसं ते म्हणत.

त्यांचं नाव गणपत शेवाळे. पलटणीच्या बॅण्डमध्ये ते सनई आणि कधी मोठा ढोल वाजवत. मला कितीतरी वर्षं वाटायचं की बॅण्डवाले लढाईत मागं उभं राहून वाजवत असतील. तसं नसतं. लढाई सुरू झाली की बॅण्डवाल्यांच्या हातातली वाद्यं काढून घेतात आणि स्ट्रेचर देतात. तात्यांनी आफ्रिकेत आणि मग इटलीत जखमी माणसं वाहिली. किती, कशी, हे ते कधी बोलले नाहीत. एकोणीसशे पंचेचाळीस संपताना परत आले तेव्हा अंगावर खाकी गरम कोट होता आणि डोक्यात गाणी होती. तो कोट ते पुढं उन्हाळ्यातसुद्धा काढत नसत.

ती गाणी त्यांनी कुठं कुठं गोळा केली होती. आफ्रिकेतल्या हमालांचं एक होतं. दोन माणसांनी ओझं उचलताना एकानं अर्धी ओळ म्हणायची, दुसऱ्यानं उरलेली. इटलीतल्या एका खेड्यात विहिरीवर बायका म्हणायच्या ते एक होतं. नेपाळी गुरख्यांचं होतं, पठाणांचं होतं. आम्ही अर्थ विचारला की म्हणत, "अर्थ मला ठाव न्हाई. पर म्हननारी बाई मला पानी देत हुती." एवढाच अर्थ आम्हाला मिळायचा, आणि तो पुरायचाही.

तात्या गावात आले तेव्हा आम्ही पोरं कशी होतो हे सांगायला हवं, नाहीतर त्यांनी काय केलं ते कळायचं नाही. बेचाळीसपासून आमच्या भागात पोलिसांची ये-जा होती. भूमिगत माणसं शेतातून, मळ्यातून लपत. घराघरांत झडत्या व्हायच्या. माझा चुलता त्या भूमिगतांत होता. एका सकाळी पोलीस आमच्या घरात शिरले तेव्हा आईनं मला कणगीमागं ओढून माझ्या तोंडावर हात दाबून धरला. तिच्या हाताला ज्वारीच्या पिठाचा वास होता. पोलीस गेले तरी तिनं हात काढला नाही, कारण ती तो काढायला विसरली होती. घरोघरी थोडंफार असंच होतं. चालताना आवाज करू नका, कुणी नाव विचारलं तर सांगू नका, मोठ्यानं हसू नका. आम्हाला बोलता यायच्या आधी गप्प बसता येत होतं.

अशा पोरांना तात्यांनी गोळा केलं आणि तोंडं उघडायला सांगितली.

सुरुवात शाळेच्या ओसरीवर झाली. शाळेचे गुरुजी ब्राह्मण, मूळचे सांगलीकडचे. मऊ बोलायचे. त्यांना गाण्याची आवड होती. त्यांनी तात्यांना संध्याकाळची ओसरी दिली. तात्यांनी पहिल्या दिवशी एकेकाला जवळ बोलावून नुसतं "आ" करायला लावलं, आणि आवाजाप्रमाणं तीन घोळके केले. वरचा गळा, मधला गळा, खालचा गळा. त्याला ते घोळकेच म्हणत. मधल्या घोळक्यात गुरुजींची कुमुद आली, तिच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला महारवाड्यातली सोना. मुलाण्यांचा रशीद खालच्या गळ्यात.

गावाला ते दिसायला वेळ लागला नाही. दोन-चार जाणती माणसं ओसरीवर आली आणि म्हणाली, पोरांना गाणं शिकवा, पण सोनाला अंगणात उभी करा. तात्यांचे हात कापायला लागले. मोठ्या आवाजात कुणी बोललं की त्यांचे हात कापतच. कापत्या हातांनीच त्यांनी सोनाला आणि कुमुदला जवळजवळ उभं केलं आणि म्हणाले, "ह्या दोघींचा गळा येक हाय. लांब हुभ्या केल्या तर गानं फाटतं. माझा इलाज न्हाई." माणसं निघून गेली. दुसऱ्या दिवशी गुरुजींना ओसरी काढून घ्यावी लागली. नोकरीचा प्रश्न होता, हे त्यांनी लपवलं नाही. तात्यांना म्हणाले, मला येता येणार नाही, पण कुमुदला पाठवीन.

मग आम्ही नदीकाठी जायला लागलो. घाटाच्या वरच्या अंगाला एक पडवी होती, तिथं. तात्या नेहमी भिंतीला पाठ लावून, सडकेकडं तोंड करून बसत. आम्ही त्यांच्यापुढं अर्धवट गोलात. ते शिकवायचे ती रीत आमच्याकडं कुणी ऐकलेली नव्हती. आपल्याकडं सगळे मिळून एकच चाल म्हणतात. तात्या तिन्ही घोळक्यांना वेगवेगळं म्हणायला लावत आणि ते एकात एक बसवत. घाटावर धुणं धुणाऱ्या बाया हसायच्या. हे गाणं हाय का भांडण, असं एकीनं विचारलंही. पण आठवड्याभरात त्याच बाया धुणं संपलं तरी पायऱ्यांवर बसून राहायला लागल्या.

श्वासाचं ते फार करत. पोटावर हात ठेवायला लावत. म्हणत, "भ्यालेल्या मानसाचा श्वास हितं, गळ्यात अडकतो. त्यो खाली उतरवायचा. भ्या जात न्हाई. पर भ्या असताना बी आवाज निघतो." सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही, हा त्यांचा दुसरा नियम. एकाचा श्वास संपत आला की शेजाऱ्यानं सूर धरून ठेवायचा. बाहेरच्याला कळता कामा नये की कोण थांबलं.

माझं त्यांनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं. मी नुसते ओठ हलवत होते. मला बाजूला घेऊन त्यांनी हळूच विचारलं, "अनशे, ओठ हलवतीस, आवाज कुटं ठिवलास?" मी म्हणाले, घरात. ते हसले नाहीत. म्हणाले, "आसू दे. घावंल तवा आन." त्यानंतर कितीतरी महिने मी मधल्या घोळक्यात ओठ हलवत उभी राहिले, आणि त्यांनी एकदाही टोकलं नाही. हमालांच्या गाण्यात पाय आपटायचे असतात. त्या पायांच्या आवाजात एके दिवशी माझा आवाज बाहेर पडला, आणि तो माझा आहे हे मला सोनानं सांगितलं.

पण तात्यांची खरी गंमत परमुलखाच्या गाण्यांत नव्हती. त्यांनी प्रत्येक पोराला घरून एक गाणं आणायला सांगितलं होतं. आई म्हणते ते, आजा म्हणतो ते, कसलंही. आणि ते ज्यानं आणलं त्यानंच सगळ्यांना शिकवायचं. त्या दिवशी तात्याही खाली आमच्यात बसत आणि त्या पोराला अहोजाहो करत. "ज्याचं गानं, त्याच्या तोंडानं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. म्हणजे शब्द आपल्या सोयीनं वळवायचा नाही. रशीदनं आईचं अंगाईगीत आणलं, तर त्यातला 'ख' घशातून काढायला आम्हाला किती दिवस लागले. सोनाच्या आज्याचं भजन होतं, ते म्हणताना तिच्यासारखं एका अंगावर झुकून उभं राहावं लागायचं. ती आम्हाला शिकवायची तेव्हा तिचा चेहरा मी पहिल्यांदा नीट पाहिला. शाळेत ती मान वर करतच नसे.

मी आईची जात्यावरची ओवी नेली. माझा मामा लढाईवर होता, त्याच्यावर आईनंच रचलेली.

जात्याच्या गं पाळीवरी पीठ सांडलं पांढरं
बंधू गेला पलटनीला, दिवा असून अंधारं

कुमुदला ती येईना. चाल लगेच आली, पण ती 'सांडले पांढरे' म्हणायची आणि 'पलटणीला' म्हणताना जीभ टाळूला लावायची. तिच्या घरचं बोलणंच तसं. तात्या तिला म्हणाले, "ह्या गान्यात ण न्हाई. अनशीच्या आईच्या तोंडात न हाय, तर न म्हनायचा." मी मास्तरीण, ती शिकणारी. पुस्तकात ती माझ्या कितीतरी पुढं होती, आणि मी तिला ण विसरायला शिकवत होते. शेवटी तिला मी घरी नेलं आणि आईच्या जात्यापुढं बसवलं. आईबरोबर खुंटा धरून दळता दळता ती ओवी तिच्या तोंडात बसली. नंतर ती इतकी बसली की डोळे मिटून ऐकलं तर आईच म्हणतेय असं वाटायचं.

अठ्ठेचाळीसचा जानेवारी संपत आला होता. साताऱ्याला शाळांचं काही संमेलन होतं आणि आमच्या घोळक्याला तिथं बोलावणं आलं. गुरुजींनीच खटपट केली होती. तात्यांना गावाबाहेर जायचं म्हणजे धास्ती, तरी ते निघाले. गुळाच्या लॉरीतून आम्ही गेलो. हणमाभाऊ म्हणून गावातलाच ड्रायव्हर होता. धर्मशाळेत उतरलो. त्याच संध्याकाळी दिल्लीची बातमी आली की महात्माजींना प्रार्थनेला जाताना कुणीतरी गोळ्या घातल्या.

संमेलन अर्थातच झालं नाही. सकाळी साताऱ्याच्या रस्त्यावर माणसं घोळक्यानं उभी होती आणि कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मारणारा माणूस ब्राह्मण होता, हे तोवर सगळ्यांना कळलं होतं. नऊ-दहा वाजता तीच माणसं मोठ्यानं बोलायला लागली. धर्मशाळेच्या दारातून दूरवर धूर दिसला. तात्यांनी तो पाहिला आणि ते भिंतीला टेकून खाली बसले. हणमाभाऊ म्हणाला, इथं राहावं की निघावं, तुम्ही सांगा. तात्यांचे ओठ नुसते हलत होते, माझे हलायचे तसे. मग ते उठले आणि म्हणाले, निघू. इथं आपल्याला ओळखणारं कुणी नाही.

रिकाम्या लॉरीत मागच्या बाजूला आम्ही पोरं खाली बसलो. गुळाचा चिकट वास येत होता. तात्यांनी कुमुदला मधोमध बसवलं. ती त्या दिवशी निळा परकर नेसली होती, गाण्यासाठी म्हणून आईनं नवा शिवलेला. तिला काय चाललंय ते पुरतं कळलं नव्हतं, आणि आम्हालाही. तिनं मला विचारलं की आपल्या गावातही असं असेल का. मी म्हणाले, आपल्या गावात कशाला असेल.

सडकेच्या कडेची गावं मागं पडत होती. एका गावात आडाजवळ कुणी नव्हतं, नुसती एक घागर पडलेली. पुढच्या गावाच्या अलीकडं रस्त्यात बैलगाडी आडवी लावली होती. हणमाभाऊनं ब्रेक दाबला.

माणसं दोन्ही बाजूंनी आली. काठ्या होत्या, कुऱ्हाडी होत्या, एकाच्या हातात रॉकेलचा डबा. ती कुणी राक्षस नव्हती. आमच्या बापांसारखीच मुंडासी, तसेच चिखलाचे पाय. म्हणूनच मला जास्त भीती वाटली. एकानं लॉरीच्या मागच्या फळक्यावर काठी हाणली. तो आवाज बंदुकीसारखा झाला.

तात्या उठले. त्यांचा चेहरा कसा झाला होता ते मी नीट पाहिलं. त्यात आम्ही कुणी नव्हतो. त्यांनी बाजूच्या कठड्यावर हात टाकला आणि एक पाय बाहेर टाकला. पलीकडं ऊस होता. आणखी एक क्षण, आणि ते उसात असते. तेवढ्यात कुमुदनं त्यांच्या कोटाचं टोक धरलं. दोन्ही मुठींनी धरलं.

तात्या तसेच राहिले. एक पाय आत, एक बाहेर.

"कोन हायत ही पोरं?" पुढच्या माणसानं विचारलं. तो तरणा होता, डोळे लाल झालेले.

"गान्याची पोरं," तात्या म्हणाले. "माझी हायत समदी."

त्या माणसानं एकेकाकडं पाहिलं. कुमुदवर त्याची नजर थांबली. ती गोरी होती आणि परकर नवा होता.

"ही कुनाची?"

"पुतनी माझी. इंदी."

"तिला बोलू द्या. काय गं, नाव काय तुझं?"

कुमुदनं तोंड उघडलं असतं तर तिच्या पहिल्या वाक्याला सगळं कळलं असतं. घरी ती बोलायची तशीच बोलली असती. रशीदनं माझा हात इतका दाबला की नखं रुतली. तात्यांचा आवाज आला. तो कापत होता, पण आला.

"पोर भ्यालीया, बोलायची न्हाई. पर गानं म्हनंल. दळनाची ववी म्हन, इंदे. घरी म्हनतीस ती."

तरणा माणूस म्हणाला, "म्हन. हिनं येकटीनंच. बाकीच्यांनी तोंड उघडायचं न्हाई."

पहिल्यांदा कुमुदच्या तोंडून नुसती हवा आली. मग तिनं एक हात स्वतःच्या पोटावर ठेवला. दुसऱ्या हातात कोट तसाच होता. आणि तिनं माझ्या आईची ओवी सुरू केली. पाळीवरी, पांढरं, पलटनीला. मी तिच्या तोंडाकडं बघत होते आणि मनात एकच चाललं होतं, न म्हण, न म्हण. तिनं न म्हटला. गर्दीत एक म्हातारा होता, त्यानं हातातली काठी खाली टेकली.

"फुडं म्हन," तरणा म्हणाला.

वळनाच्या वाटंवरी कोन येतं घाईघाई
बंधू न्हवं माझा बाई, सांगावा बी आला न्हाई

म्हातारा त्या तरण्याला म्हणाला, "जाऊ दे रं त्यास्नी. घरची हाय." मग तरण्यानं बैलगाडी बाजूला घ्यायला सांगितलं.

लॉरी निघाली. बरंच पुढं गेल्यावर तात्या फळक्यावरून वाकून ओकले. कुमुदचा निळा परकर भिजला होता. सोनानं आपलं फाटकं कांबळं काढून तिच्याभोवती गुंडाळलं आणि तिला घट्ट धरून बसली. गप्प बसणं आम्हाला येतच होतं.

उंब्रजला पोचलो तेव्हा गुरुजींचं घर जळून खाली बसलं होतं. गावातली काही माणसं जाळणाऱ्यांत होती आणि काही नव्हती. पण कोण कशात होतं हे आजही गावात कुणी बोलत नाही. गुरुजी आणि कुमुदची आई, काकू, रशीदच्या घरी होते. रशीदच्या आईनं त्यांना परड्यात, जळणाच्या ढिगामागं बसवून ठेवलं होतं आणि स्वतः दारात तांदूळ निवडत बसली होती. आम्ही कुमुदला तिथं नेलं. काकू धावत आल्या. त्या "कुमुद, कुमुद" म्हणून हाका मारत होत्या आणि ती इकडंतिकडं बघत होती. हाक दुसऱ्याच कुणाला असावी तशी.

दोन दिवसांनी गुरुजी बायकोपोरांना घेऊन सांगलीला भावाकडं गेले. जायच्या आधी ते तात्यांना भेटायला आले होते. तात्या घरी नव्हते. गुरुजी येताहेत कळताच ते मळ्यात निघून गेले होते. गावात आता त्यांचं कौतुक चाललं होतं. भित्रा म्हणून हसणारीच माणसं म्हणायला लागली की तात्यांनी पोरगी वाचवली, वाघासारखे उभे राहिले. ते ऐकलं की तात्या जागेवरून उठून जात. एकदा आमच्या ओट्यावर असंच कुणी बोललं. तो माणूस गेल्यावर तात्या माझ्या वडिलांना म्हणाले, "माझा येक पाय भाईर पडला हुता, आप्पा. मी चाललो हुतो. लोकांस्नी ठाव न्हाई."

वडील म्हणाले, पण तुम्ही गेला नाहीत.

"पोरीनं धरलं म्हनून."

त्यानंतर नदीकाठची पडवी जवळजवळ ओस पडली. आईबाप पोरांना पाठवीनात. मी, सोना आणि रशीद जायचो. तात्या आम्हाला उभं करायचे आणि मधल्या घोळक्यात, माझ्या आणि सोनाच्या मध्ये, एका माणसाची जागा मोकळी ठेवायचे. आम्ही जवळ सरकलो की हातानं बाजूला करायचे. गाणं मात्र लागायचं नाही. पावसाळ्यापर्यंत तेही थांबलं.

पुढच्या वर्षी तात्यांना मिरजेला काम मिळालं. तिथं रेल्वेतल्या कामगारांच्या पोरांसाठी एक शाळा होती. कानडी, तेलगू, उर्दू, सगळ्या बोलींची पोरं. त्या शाळेला गाणं शिकवणारा माणूस हवा होता. जायच्या आधी ते आमच्याकडं आले आणि वडिलांना म्हणाले की सांगलीला गुरुजींकडं जायचंय, पण एकट्यानं जायचं धाडस होत नाही. तुम्ही या, अनशीलाही आणा.

सांगलीत हळदीच्या पेठेमागच्या एका बोळात गुरुजींनी खोली घेतली होती. भिंतींनाही हळदीचा वास होता. काकूंनी आम्हाला पाटावर बसवलं. कुमुद आतून आली. ती उंच झाली होती, वेणी घट्ट बांधलेली. माझ्याकडं बघून हसली, पण जवळ आली नाही.

तात्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. घरात शिरल्या शिरल्या, उभ्यानंच, त्यांनी गुरुजींना सगळं सांगितलं. फळका वाजला तेव्हा आपण कठडा धरला, पाय बाहेर टाकला, उसात पळणार होतो. पोरं डोक्यात नव्हती. तुमच्या पोरीनं कोट धरला नसता तर ती एकटीच राहिली असती.

गुरुजी काही बोलायच्या आत कुमुद बोलली.

"तात्या, तुम्ही निघालात ते मला दिसलं होतं. म्हणून तर धरलं. मला एकटीला भीती वाटत होती."

"व्हय," तात्या म्हणाले.

"त्याचा मला राग नाही. नावाचा आहे. तुम्ही मला इंदी म्हणालात आणि मी इंदी झाले. खरं नाव ओरडून सांगितलं असतं तर काय झालं असतं, ते रोज मनात येतं."

गुरुजी खालच्या आवाजात म्हणाले, "आज तू इथं नसतीस, बाळ."

"माहीत आहे मला."

मला वाटलं, तात्या आता निघून जातील, मळ्यात जायचे तसे. पण ते खाली बसले. पाटावर नाही, तिच्यासमोर फरशीवर.

"त्यो राग ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "बरुबर हाय त्यो. माझ्यापाशी दुसरं नाव हुतं, ते मी तुला दिलं. तुझं तुझ्यापाशीच ऱ्हायाला पायजे हुतं."

मग काकूंनी पानं वाढली. तात्या गुरुजींच्या शेजारी बसून जेवले. भात संपला तसा काकूंनी न विचारता पुन्हा वाढला, आणि त्यांनी नको म्हटलं नाही.

दुपारी आम्ही सगळे त्यांना मिरजेच्या सर्व्हिस मोटारीवर बसवायला गेलो. गाडी भरलेली होती. त्यांना खिडकीजवळ जागा मिळाली. इंजिन सुरू झालं तेव्हा कुमुद पुढं गेली आणि टाचा उंचावून खिडकीशी म्हणाली, "ती ओवी तिकडच्या मुलांना शिकवाल ना? लॉरीत कुणी म्हटली होती असं कुणी विचारलं, तर माझं खरं नाव सांगा. बाबांच्या नावासकट."

तात्यांनी मान हलवली.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तेव्हाच. गाडी जागेवरून हलायला जरा वेळ लागला, पुढं एक गाडा अडकला होता. तात्यांच्या शेजारी एक कानडी बाई तान्हं पोर घेऊन बसली होती. पोर कळवळून रडत होतं आणि बाई त्याला मांडीवर हलवत काहीतरी गुणगुणत होती. तात्या एकदम तिच्याकडं वळले. कानामागं हात धरून त्यांनी तिला काहीतरी विचारलं. बाई पदराआड हसली, मग पुन्हा, या वेळी जरा मोठ्यानं, म्हणायला लागली. तात्यांचे ओठ तिच्या ओठांमागून हलत होते. त्यांचं चुकलं असावं, कारण बाईनं मान हलवून त्यांना थांबवलं आणि तो शब्द पुन्हा म्हणून दाखवला. मग गाडा हलला आणि गाडी निघाली.

शब्द कुठला होता ते खाली आम्हाला ऐकू आलं नाही.